आपोआप तापलेलं कॅन

यमाजीनानाला सगळे संशयी म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. दुकानातून आणलेली साखरसुद्धा तो आधी चिमूटभर पाण्यात टाकून बघायचा. एसटीत बसताना ड्रायव्हरला विचारायचा, "घोडेगावलाच जाती ना?" पाटी वाचून दाखवली तरी विचारायचा, कारण पाटी बदलायची राहून गेलेली असू शकते. त्याची बायको तानूबाई म्हणायची, "लग्नात माझा अंतरपाट धरला, तवा ह्यांनी खालून वाकून बघितलं व्हतं. पोरगी तीच हाय का म्हणून."

पण हा संशय त्याच्या अंगात उगाच भरलेला नव्हता. त्याचे वडील मेंढरं राखायचे. कळप नव्या पाणवठ्यावर नेला की सगळी मेंढरं एकदम सोडायची नाहीत, अशी त्यांची रीत. आधी एक म्हातारी मेंढी पुढे करायची. ती प्याली की बाजूला बसायचं, तंबाखू मळायची, चघळायची. तंबाखू थुंकेपर्यंत म्हातारी धड उभी असली आणि रवंथ करायला लागली, तर मग बाकीची. एका वर्षी उन्हाळ्यात वडिलांना घाई होती, आभाळ भरून आलं होतं, त्यांनी कळप तसाच डबक्यावर घातला. त्या डबक्यात कुणीतरी औषध फवारायचा पंप धुतला होता. अकरा मेंढरं तिथंच आडवी झाली. यमाजी तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्यानंतर त्याने कुठल्याच गोष्टीवर एकदम विश्वास ठेवला नाही.

पुढे कालव्याचं पाणी आलं. माळरानांचे मळे झाले, कुंपणं पडली आणि चरायला जागा उरली नाही. यमाजीने आठ मेंढरं ठेवली, बाकीची विकली आणि चौऱ्याण्णव साली शिनोलीच्या रस्त्याला नव्याने उघडलेल्या दूध शीतकरण केंद्रात धुलाईच्या कामाला लागला. गावोगावचं दूध टेंपोतून यायचं, मोठ्या टाकीत थंड व्हायचं आणि टँकरने पुढे जायचं. दूध गेलं की टाकी, नळ्या आणि शेकडो कॅन धुवायची, हे नानाचं काम.

नुसत्या पाण्याने दुधाचा ओशटपणा निघत नाही. त्यासाठी कॉस्टिक सोड्याचं पाणी लागायचं. ते पस्तीस लिटरच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनमधून तीव्र द्रावण होऊन यायचं. बघायला अगदी साध्या पाण्यासारखं. रंग नाही, वास नाही. नानाला पहिल्या दिवशीच त्याचा संशय आला. विष असलं तरी त्याला काहीतरी वास असतो, असं त्याचं म्हणणं. ज्याला वासही नाही, त्याच्या मनात काय आहे ते कसं कळायचं?

सत्त्याण्णव साली केमिकल विकणाऱ्या कंपनीचा एक माणूस माहिती द्यायला आला. केंद्राचा सुपरवायझर हौशीराम, टेंपोवाले, धुलाईची माणसं, सगळे शेडमध्ये जमले. पाहुण्याने सांगितलं, सोडा स्वतः पेटत नाही. पण कातडी खातो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. अंगावर उडाला तर घड्याळ लावून वीस मिनिटं वाहतं पाणी, दुसरं काही नाही. पातळ करताना पाण्यात थोडा थोडा सोडा घालायचा, सोड्यात पाणी ओतायचं नाही, नाहीतर उकळी फुटून तोंडावर येतं. जमिनीवर तीव्र सोडा सांडला तर आधी कोरड्या वाळूचा बांध घालून अडवायचा, वाळूत जिरवायचा, प्लास्टिकच्या टोपलीत भरायचा आणि मग उरलेली जागा भरपूर पाण्याने धुवायची.

शेवटी त्याने काचेच्या बाटलीत थोडा सोडा घेतला आणि दुधाच्या फुटक्या कॅनचा एक तुकडा आत टाकला. दुधाची कॅन ॲल्युमिनियमची. गावात त्याला जर्मन म्हणतात. तुकड्याला बुडबुडे फुटले. बाटली गरम झाली. पाहुण्याने बाटलीच्या तोंडाशी पेटती काडी नेली, तशी फट्कन आवाज आला आणि पुढे बसलेल्या दोघांनी माना मागे घेतल्या.

"हा हायड्रोजन. दिसत नाही, वास येत नाही. सोडा पेटत नाही, पण सोडा आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की हा वायू निघतो, आणि हा पेटतो. झाकण बंद असेल तर बाँबच समजा."

"परत करून दावा," नाना म्हणाला.

पाहुण्याने परत केलं.

"आता दुसऱ्या कॅनचा तुकडा घ्या."

"अहो नाना, जर्मन ते जर्मन," हौशीराम हसला. "पावण्यांना जेवायचं न्हाई का?"

"तिसऱ्यांदा बघितलं की खात्री," नाना म्हणाला. तिसऱ्यांदाही फट् झालं, तेव्हा तो उठला.

त्या दिवसापासून सोड्याच्या खोलीची चावी नानाच्या करगोट्याला आली. त्या खोलीत त्याने जर्मनची एक वाटीदेखील येऊ दिली नाही. पातळ केलेला सोडा तो स्टीलच्या टाकीत आणि नळ्यांत फिरवायचा, कॅनांना मात्र वेगळी, सौम्य पावडर. दारात वाळूच्या चार बादल्या. त्यात कुणी पान थुंकलं की तो दिवसभर बोलायचा. टाकी धुऊन झाली की प्रयोगशाळेतल्या इंद्रायणीताईला हाक मारायचा. ती शेवटच्या धुवणाच्या पाण्यात एका औषधाचे दोन थेंब टाकायची. सोडा उरला असेल तर पाणी गुलाबी व्हायचं, नसेल तर तसंच राहायचं. ह्या थेंबावर नानाचा विश्वास होता. तो तिला म्हणायचा, "ताई, ही तुमची म्हातारी मेंढी हाय."

नानाने ही सगळी शिकवण केंद्रातल्या प्रत्येकाला ऐकवली होती, नव्या माणसाला तर तीन-तीनदा. घरी मात्र त्यातला चकार शब्द कधी बोलला नाही. कामाचं काम कामावर, असं त्याला वाटायचं.

२००३च्या एप्रिलमध्ये सोडा कमी व्हायला लागला.

नानाची मोजायची रीत त्याची स्वतःची होती. रोज संध्याकाळी खोली बंद करताना तो सोड्याच्या पांढऱ्या कॅनवर, आतलं पाणी जिथवर दिसेल तिथे, काळ्या लोकरीचा दोरा बांधायचा. सकाळी दोरा आणि पाणी जुळायचं. त्या महिन्यात सकाळी जुळायचं आणि संध्याकाळी हिशेब चुकायचा. टाकीला जेवढा घातला त्यापेक्षा दोन बोटं जास्त उतरलेलं असायचं. म्हणजे दिवसाढवळ्या कुणीतरी नेत होतं.

सोडा कशाला कुणी नेईल? ह्या प्रश्नाचं एकच उत्तर त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी होतं. उन्हाने दूध आंबट होतं. आंबट दूध केंद्रातून परत पाठवतात. त्यात थोडासा सोडा घातला तर आंबटपणा दबतो आणि दूध खपून जातं. असलं दूध लेकराबाळांच्या पोटात जातं. आजूबाजूच्या कुठल्याशा तालुक्यात असं सापडल्याची बातमी पेपरात आली होती. इथे सापडलं तर पोलीस पहिल्यांदा कुणाला धरतील? ज्याच्या कंबरेला चावी, त्याला.

नाना एकेकाकडे बघायला लागला. इंद्रायणीताई दुपारी प्रयोगशाळेचं दार लावून घेते, का? हौशीरामभाऊच्या स्वतःच्या बारा म्हशी आहेत, त्यांचं दूध ऐन उन्हाळ्यातही कधी आंबट कसं होत नाही? आणि सोपान टेंपोवाला. त्याचा टेंपो सगळ्यात लांबून येतो. तीन तास उन्हात. तरी महिन्यात त्याचं एकही कॅन परत गेलेलं नाही.

सोपान बोलका गडी. टेंपोच्या काचेवर पोरांची नावं, आदेश-आरोही-श्रेया अशी. पहिलं नाव मुलाचं, बाकी पुतण्यांची. नाना त्याच्या टेंपोभोवती फिरायचा, सीटखाली वाकून बघायचा.

"नाना, काय हरवलंय?" सोपानने एकदा विचारलं.

"तुझं दूध नासत कसं न्हाई, त्ये शोधतोय."

"ओलं पोतं टाकतो वर. तुमच्या डोक्यावर पण टाकू का एक?"

सगळे हसले. नाना हसला नाही. त्याच्या लेखी हसून उडवणं हासुद्धा एक पुरावा होता.

बुधवारी दुपारीच दोरा चार बोटं वर राहिला. टेंपो लागलेले, आठ-दहा माणसं उभी, आणि त्या सगळ्यांसमोर नानाने सोपानच्या छातीवर बोट ठेवलं.

"सोडा तूच नेतो. दुधात घालतो. माझ्या गळ्याला फास लावतो का रं?"

सोपानचं तोंड उतरलं. त्याने टेंपोचा फाळका धाडकन लावला. बाकीचे टेंपोवाले मात्र त्याच्यापासून हळूच दोन पावलं मागे सरकले, आणि ते नानाने बघितलं.

इंद्रायणीताईने तिथल्या तिथे सोपानच्या सगळ्या कॅनांचं दूध तपासलं. सोडा नव्हता.

"आज न्हाई घातला," नाना म्हणाला.

"बास झालं," हौशीरामने त्याला बाजूला घेतलं. "नाना, सोडा खरंच कमी झालाय का तुमच्या दोऱ्याचं काही चुकलंय, मला ठाव न्हाई. पण चावी एकच हाय आणि ती तुमच्याकडं हाय. उद्या तपासणीला माणसं येत्यात. सोडा कुठं गेला ते उद्यापर्यंत सांगा. न्हाईतर मला तुमचंच नाव लिहावं लागंल. चावी द्या, आणि आता घरी जा."

सहा वर्षांत पहिल्यांदा नाना करगोटा हलका घेऊन घरी निघाला. वाटेत त्याने पुन्हा सगळ्यांची नावं मनात घोळवली. दुपारच्या वेळी खोलीजवळ कोण येतं? तो स्वतः लिंबाखाली भाकरी खातो. सदरा घामाने भिजलेला असतो म्हणून खुंटीला काढून ठेवतो. जेवण झाल्यावर पाठ टेकली की करगोट्याची चावी रुतते, म्हणून ती सोडून सदऱ्याच्या खिशात. मग घटकाभर डोळा लागतो. त्या वेळी तिथे कुणीच नसतं. भाकरी घेऊन आलेली तानू असते, ती जनावरांसाठी धोवण, कॅन विसळलेलं दुधाळ पाणी, भरून घेते आणि जाते. दुसरं कुणी येत नाही. तो वाटेतच थांबला. दुसरं कुणी येत नाही.

पुढे तो चालला नाही, जवळजवळ पळाला.

घरात बायका होत्या. तानूबाई, शेजारची लंकाबाई आणि कोपऱ्यात नानाची सून नंदा, कडेवर नऊ महिन्यांची रखमा. चुलीवर मोठ्या पातेल्यात खोबरेल तेल गरम होत होतं. भिंतीशी लाकडी साचे मांडलेले. दाराशी मधोमध चिरलेलं प्लास्टिकचं कॅन पडलेलं. आणि चुलीपासून तीन हातांवर दुधाचं जर्मनचं कॅन, झाकण दाबून घट्ट बसवलेलं.

"अवो, तुमी आत्ता कसं?" तानूबाई दचकली. मग चोरी पकडली गेल्यासारखं एका दमात बोलत सुटली. "रागावू नका. आमच्या बचत गटाला साबण शिकवलाय मंचरच्या बाईनं. ह्या सोड्यात तेल घातलं की साबण हुतो. तुमच्याकडं टाकी धुवून तो गटारातच जातो की. म्हणून धोवणाबरोबर इवलासा आणत व्हते. आज प्लास्टिकचं कॅन तडकलं, म्हणून ह्या चांगल्या कॅनात वतला."

"कधी?"

"आत्ताच की. तांब्याभर पाणी पिण्याइतका येळ झाला असंल."

कॅनमधून बारीक आवाज येत होता. तव्यावर मीठ तडतडावं तसा. नानाने हात लावला नाही, नुसता तळवा जवळ नेला. कॅन तापलं होतं. कुणी चुलीवर न ठेवता, आपोआप. झाकण एका बाजूने किंचित उचललं गेलं, सूं झालं आणि पुन्हा बसलं.

"भाईर," नाना म्हणाला. त्याचा आवाज इतका हळू होता की बायकांना कळलं नाही. मग तो ओरडला. "समद्या भाईर! नंदा, पोरीला घे, खळ्यापलीकडं जा. दार उघडं टाका. लंके, दिव्याला हात लावू नको, बटणाला बी न्हाई!"

"पर तेल—"

"तेल गेलं उडत!"

तानूबाई पाण्याचा हंडा उचलून चुलीकडे धावली. नानाने तिचा दंड धरला. तापलेल्या तेलाशेजारी पाणी, आणि शेजारी सोडा. त्याने हंडा खाली ठेवायला लावला. पातेलं दोन फडक्यांनी धरून त्याने मागच्या दाराने बाहेर नेलं. परत येऊन जळती लाकडं चिमट्याने एकेक करून तिकडेच फेकली. शेजारच्या बांधकामाची वाळू ओसरीत पडली होती. ती पाटीने आणून त्याने चुलीतल्या निखाऱ्यांवर ओतली, एक, दोन, तीन पाट्या, एकही लाल ठिपका दिसेना तोवर. मागची खिडकी लाथेने उघडली. सगळं करताना त्याचे कान त्या कॅनकडे होते. तडतड वाढली होती.

झाकण काढावं, असं त्याच्या मनात आलं. त्याने स्वतःचाच संशय घेतला. वाफ आणि सोडा तोंडावर आला तर? तो मागे सरकत सरकत उंबऱ्याबाहेर आला.

लंकाबाईने मात्र साचा आत राहिला म्हणून दारातून हात घातला, आणि त्याच वेळी झाकण उडालं. धप् असा जाड आवाज झाला. झाकण पत्र्याला लागून खाली आलं, कॅन आडवं झालं आणि करडा फेस जमिनीवर पसरला. लंकाबाईच्या मनगटावर शिंतोडे उडाले.

आग लागली नाही. चुलीत एक जरी निखारा राहिला असता तर काय झालं असतं, ते त्या घरात फक्त नानाला माहीत होतं.

"हळद लावा," कुणीतरी म्हणालं. खळ्यावर गर्दी जमली होती. "दही लावा, थंड पडंल."

"काय लावायचं न्हाई!" नानाने लंकाबाईला हौदाजवळ बसवलं, बांगड्या उतरवायला लावल्या आणि मनगटावर तांब्याने पाणी सोडायला सुरुवात केली. "नंदा, घड्याळ बघ. ईस मिनटं. धार तुटली न्हाई पायजे."

"नाना, दुखायचं थांबलं आता," लंकाबाई पाचव्या मिनिटाला म्हणाली.

"तुझ्यावर माझा इस्वास न्हाई. बस."

विसाव्या मिनिटाला मनगट लाल होतं, पण कातडी शाबूत होती. तिला दवाखान्यात धाडून नाना कमरेला फडकं बांधून घराकडे वळला. आतलं कॅन फुसफुसायचं थांबेपर्यंत आणि वारा आरपार फिरेपर्यंत तो बाहेरच थांबला, तंबाखू चघळून थुंकेपर्यंत. मग पायांत दोन-दोन प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, हातांनाही बांधल्या. फेसाच्या कडेने वाळूचा बांध घातला. कुणी राख पुढे केली, ती त्याने परत पाठवली, राखेत निखारा लपतो. कुणी घमेलं आणलं, ते त्याने उलटं करून बघितलं. जर्मनचं होतं. तेही परत. प्लास्टिकच्या टबात त्याने भिजलेली वाळू भरली आणि पहारीने जमीन दोन बोटं खरवडून काढली.

संध्याकाळच्या आत सगळं आवरलं. सारवलेल्या जमिनीत एक मोठा खळगा पडला होता, बाकी काही दिसत नव्हतं. गर्दी पांगली. तानूबाई त्याच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "ही माती वढ्याला टाकून येते. कुणाला कळायचं न्हाई. तुमी उद्या सांगा, सोपाननंच नेला म्हणून. त्याच्या दुधात काय सापडलं न्हाई, मग त्याला तरी काय हुतंय?"

नानाने खळग्याकडे बघितलं. नंदा दारात रखमाला घेऊन उभी होती. पोर खाली उतरायला धडपडत होती. नुकती रांगायला लागली होती ती, आणि सापडेल ते तोंडात घालायची. गोठ्यातून मेंढरं ओरडत होती. चार दिवसांनी ह्या जमिनीवर मिठासारखा पांढरा थर आला, तर मेंढरं तो चाटणार.

"काशीला आणू का?" तानूबाईने विचारलं. काशी म्हणजे त्यांची म्हातारी मेंढी. "चाटू दे तिला. बघू काय हुतंय."

हीच रीत नाना आयुष्यभर पाळत आला होता. आज त्याच्याने ती पाळवेना.

"ह्याला काशी न्हाई चालायची," तो म्हणाला. "ह्याला गुलाबी थेंब लागतो." आणि गुलाबी थेंब फक्त केंद्रात होता. तिथे जायचं म्हणजे सगळं सांगायचं. चावीही गेली, नोकरीही गेली, बायको चोर ठरली. न जायचं म्हणजे सोपान.

त्याने डोक्याला मुंडासं गुंडाळलं. "तानू, जिमिनीवर कुणाला पाय ठिवू देऊ नको," एवढंच म्हणाला आणि निघाला.

केंद्रात संध्याकाळचं दूध उतरवत होते. सगळे टेंपोवाले होते. नाना सोपानसमोर जाऊन उभा राहिला.

"सोपान, सोडा माझ्या घरात व्हता. माझ्या बायकूनं नेला, माझ्याच चावीनं. तुझं नाव मी उगाच घेतलं."

सोपान कॅन उचलता उचलता थांबला. "तुमी खात्री केली का नाना? तीनदा बघितलं का?"

कुणीतरी हसलं. नाना मान खाली घालून उभा राहिला. सोपानने कॅन खाली ठेवलं. नानाने हौशीरामला सगळं सांगितलं, कॅन, झाकण, लंकाबाईचं मनगट, आणि मग म्हणाला, "काय लिहायचं त्ये लिहा भाऊ. पर आधी ताईंना थेंब घेऊन पाठवा. नात रांगती हाय."

इंद्रायणीताई बाटली घेऊन निघाली. पायी जायला अर्धा तास. सोपानने टेंपोचं दार उघडलं आणि नानाकडे न बघता म्हणाला, "बसा. सीटखाली वाकून बघायचं असंल तर आधी बघून घ्या."

इंद्रायणीने ओल्या जमिनीवर जागोजाग थेंब टाकले. खळग्याच्या मध्यात काही झालं नाही. भिंतीच्या कडेला मात्र गुलाबी पट्टा उमटला. नानाने तिथे आणखी खरवडलं, पाणी मारलं, फडक्याने टिपलं. पुन्हा थेंब, पुन्हा फिका गुलाबी. तिसऱ्या वेळी काहीच उमटलं नाही. तेवढ्यात एक थेंब भिंतीवर उडाला आणि भिंत गुलाबी झाली. नाना पहार घेऊन भिंतीकडे वळला.

"नाना, नाना! तो चुना आहे. चुन्यालाही रंग येतो."

"नक्की?"

"ओट्यावर बघा." तिने बाहेर, जिथे सोडा गेलाच नव्हता, तिथल्या चुन्यावर थेंब टाकून दाखवला. नानाने शेजाऱ्याच्या भिंतीवरही टाकायला लावला. टेंपोला टेकलेला सोपान पहिल्यांदा हसला.

टब वर सैल झाकण ठेवून टेंपोतून केंद्राच्या सोडा टाकायच्या खड्ड्याकडे गेला. गुरुवारी तपासणीची माणसं आली. हौशीरामने जे घडलं तेच लिहिलं, तानूबाईच्या नावासकट. नानाला कामावर ठेवलं, चावी मात्र परत मिळाली नाही. ती इंद्रायणीच्या टेबलाच्या खणात गेली, आणि सोडा काढताना दोघांनी मिळून काढायचा असं ठरलं. नानाने त्यात एक जोड स्वतःहून दिली. फाटकावर त्याच्या बायकोचं धोवणाचं कॅन रोज उघडून बघायचं, तिच्या देखत. पहिल्या दिवशी तानूबाईने पदर तोंडाला लावून कॅन उघडून दाखवलं. आठवडाभराने ती पहारेकऱ्यालाच म्हणायला लागली, "नीट बघा की भाऊ, हात घालून. आमच्या घरी न्हाई चालत असं वरवरचं." मे महिन्यात बचत गटाच्या अकरा बायका नानासमोर बसल्या, आणि त्याने बाटलीत जर्मनचा तुकडा टाकून त्यांना तीनदा फट् करून दाखवलं.

पण हे नंतरचं. त्या बुधवारी टेंपो गेल्यावर तानूबाईने तो खळगा नव्या मातीने भरला आणि घाईघाईने सारवला. सारवण वाळल्यावर तिने रखमाला खाली सोडायला हात पुढे केले.

"थांब," नाना म्हणाला.

"आता काय? ताईनं बघितलं की."

"ताईनं बघितलं. मी न्हाई."

त्याने चपला काढल्या, त्या जागेवर मांडी घालून बसला आणि भाकरी मागितली. तिथेच बसून जेवला. मग तंबाखू मळली, चघळली, थुंकून आला आणि पुन्हा तिथेच बसला. तानूबाई समोर भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत होती. चुलीतली वाळू अजून काढायची होती. बऱ्याच वेळाने त्याने आपल्या तळपायांवरून हात फिरवला, कुठे चुरचुरत नाही ना ते बघितलं आणि नंदाला म्हणाला, "सोड तिला."